लढाईची धून दोन हातांत बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळा-बिट काळातल्या एका रोल-प्लेइंग गेममधली, शेवटच्या शत्रूशी लढताना वाजणारी धून तुम्ही सोलो पियानोसाठी बसवली आहे. डी मायनर, मिनिटाला १६८ बीट्स, एकूण ७२ बार (चार-चार बीट्सचे खंड). मूळ ऑडिओतला एकेक चॅनेल (आवाजाची स्वतंत्र ओळ) वेगळा करून ऐकलात आणि सूर न् सूर उतरवलात. तरी ऐकणारे म्हणतात, 'कॉम्प्युटर वाजवतोय असं वाटतं', आणि स्वतः वाजवायला बसलात की विसाव्या बारपर्यंत डावा हात भरून येतो. नोटेशन आणि सॉफ्टवेअरचा प्लेबॅक दोन्ही पाठवलेत, त्यामुळे बारचे आकडे देऊनच बोलतो.

आधी जमेची बाजू, आणि ती उगाच गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. तुमचा कान तयार आहे. १९व्या बारमध्ये ए मेजरवर जाण्याआधी जी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट असे तीन सूर येतात. डी मायनरमधला हा नेपोलिटन सिक्स्थ: दुसरा सूर उतरवून (ई ऐवजी ई फ्लॅट) त्यावर बांधलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. बहुतेक जण तिथं साधा जी मायनर लिहून मोकळे होतात आणि मग ती जागा पुचाट का वाटते याचा शोध घेत बसतात. तुम्ही तो ई फ्लॅट नेमका पकडलाय. म्हणजे अडचण ऐकण्यात नाही. जे ऐकलं ते सगळं कागदावर आलंच पाहिजे, या हट्टात आहे.

तुमची धून ज्या पिढीतली आहे त्या पिढीतल्या सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलमध्ये (१९९०) आवाजाचे आठ चॅनेल होते. वाद्यांचे नमुने, धुनेचा डेटा, एकोचा (प्रतिध्वनीचा) बफर, सगळं मिळून ६४ किलोबाइट मेमरीत कोंबावं लागे. त्या आठांपैकी प्रत्येकाला संगीतकाराने काहीतरी काम दिलेलं असतं: एक चाल सांगतो, एक बेस धरतो, दोन-तीन मागे कॉर्ड भरतात, एखादा फक्त पोकळी बुजवतो, एक-दोन तालवाद्यांसाठी. तुम्ही आठही ओळी समान मानून दहा बोटांत वाटल्यात. आठ माणसांच्या गप्पा एकट्याने सांगायच्या असतील तर आपण आठही आवाज काढत बसत नाही. कोण काय म्हणालं आणि कोण नुसतं हुंकार भरत होतं, ते ठरवून सांगतो. तुमच्या मसुद्यात हुंकारांनाही मुख्य वक्त्याइतकीच जागा मिळाली आहे.

याचा सगळ्यात स्पष्ट नमुना १३ ते १६ या बारमध्ये आहे. चालीत वरचा ए तीन बीट धरलेला आहे आणि त्याखाली, उजव्या हाताच्या अंगठ्याला, आधीचेच तीन सूर अर्ध्या बीटने उशिरा पुन्हा आलेत. तुम्ही त्यावर 'कॅनन' असं लिहिलंय, म्हणजे मागोमाग तीच चाल धरणारी दुसरी स्वतंत्र ओळ. तो कॅनन नाही, एको आहे. सुपर फॅमिकॉमच्या आवाजाच्या चिपमध्ये एकोची सोय हार्डवेअरमध्येच होती. शिवाय तीच चाल दुसऱ्या चॅनेलवर किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवून एकोचा भास करणं ही त्याआधीपासूनची रुळलेली युक्ती. गेममध्ये ती ओळ इतकी दबलेली असते की कानाला 'मोठ्या दालनात वाजतंय' एवढंच कळतं. पियानोवर अंगठ्याने वाजवली की ती स्वतंत्र ओळ बनते, चालीच्या पायात येते, आणि अंगठा जात्याच जड पडत असल्यामुळे कधीकधी चालीपेक्षा जोरात ऐकू येते. त्या ओळीचं काम होतं जागेचा भास देणं. पियानोकडे त्यासाठी पेडल आहे, ते दाबलं की सूर घुमत राहतात. १३ ते १६ मधून ती ओळ सरळ काढा, लांब ए वर अर्धं पेडल घ्या. आणि १६व्या बारच्या शेवटी जिथं चाल खरोखर थांबते, तिथं फक्त एकदा ते तीन सूर एक ऑक्टेव्ह (सप्तक) वर, अगदी हळू ठेवा. एकच प्रतिध्वनी, पण ऐकू येईल असा.

जाता जाता, आठ-बिट धुना बसवायला घ्याल तेव्हा अडचण बरोबर उलटी असेल. १९८३च्या फॅमिकॉममध्ये दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लहरीचा), एक नॉइझ (खरखरीचा) आणि एक सॅम्पल वाजवणारा, असे पाचच चॅनेल. सूर धरणाऱ्या ओळी जेमतेम तीन. दोन हातांत त्या आरामात मावतात आणि मग पियानो उपाशी वाटतो. तिथं भर घालावी लागते. ट्रँगल चॅनेलला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे बेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने येतो. तो संगीतकाराचा आग्रह समजून पियानोवर तसाच वाजवणारे खूप भेटतात. तसंच, काही जुन्या चिपट्यून्समध्ये (अशा चिपवर वाजणाऱ्या धुनांमध्ये) कॉर्डसाठी चॅनेल पुरत नसत म्हणून एकाच चॅनेलवर कॉर्डचे सूर इतक्या झपाट्याने फिरवत की ते थरथरल्यासारखे ऐकू येतात. ते थर्टी-सेकंड नोट्समध्ये (अतिजलद सुटे सूर म्हणून) लिहू नका. ती कॉर्ड आहे, कॉर्डच लिहा.

आता तुमचा डावा हात. १ ते २४ या बारमध्ये डी-डी-ए-डी-सी-डी-ए-डी हा बेस जवळजवळ सलग ऑक्टेव्हमध्ये (प्रत्येक सूर दोन सप्तकांत एकदम), एट्थ नोट्सने (एका बीटला दोन). १६८ च्या लयीत हे सेकंदाला साडेपाचहून जास्त ऑक्टेव्ह होतात, तेही मधे उड्या मारत, चोवीस बार, कुठेही श्वास न घेता. शूबर्टच्या १८१५च्या 'एर्लक्योनिग' या गाण्याची पियानोची साथ अशाच पुनरावृत्त ऑक्टेव्हसाठी वादकांत कुप्रसिद्ध आहे. तिथं वेग याहून जास्त आहे, पण हात बराच वेळ एकाच पट्टीवर असतो. आणि खुद्द शूबर्टने त्याची एक आवृत्ती ट्रिप्लेटऐवजी (एका बीटला तीन) साध्या दोन-दोनच्या एट्थ नोट्समध्ये लिहून ठेवली आहे. तेव्हा ओझं कमी करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

उपाय साधा आहे. पूर्ण ऑक्टेव्ह फक्त पहिल्या आणि तिसऱ्या बीटवर ठेवा. बाकीचे सूर एकेरी, वरच्या ऑक्टेव्हमध्ये, अंगठा आणि दुसऱ्या बोटाने. खालचा डी पडला की पुढचे तीन सूर कान आपोआप त्याच वजनाचे समजतो. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही, तुमच्या मनगटाला मात्र दर दोन बीटला सुटका मिळेल. ९व्या बारपासून, चाल सुरू झाल्यावर, आणखी हलकं करा. तोवर आठ बार ऐकून बेस डोक्यात बसलेला असतो, तो पूर्ण जोराने चालू ठेवायची गरज उरत नाही. आणि हात भरून येण्याच्या पुढे जाऊन दुखत असेल तर तिथंच थांबा. 'सवय होईल' म्हणून रेटण्यासारखी ही गोष्ट नाही.

१७व्या बारमधली गढूळ जागा वेगळ्या कारणाची. तिथं डाव्या हातात अगदी तळाशी बी फ्लॅट, डी, एफ असा जवळजवळचा कॉर्ड आहे. पियानोच्या तळच्या तारांमध्ये मूळ सुरापेक्षा वरच्या उपस्वरांचा भरणा मोठा असतो. दोन खालचे सूर तिसऱ्याच्या अंतरावर (पहिला सूर धरून मोजलेला तिसरा) ठेवले की त्यांचे उपस्वर एकमेकांना घासतात आणि कॉर्डऐवजी गुरगुर ऐकू येते. मिडल सीच्या (पियानोच्या मधल्या सी सुराच्या) एक ऑक्टेव्ह खाली गेलात की जवळचे कॉर्ड टाळायचे. तिथं ऑक्टेव्ह चालतो, पाचवा चालतो, दहावा तर छानच लागतो. मूळ धून पुन्हा ऐका: तळाशी बेसचा एकटा बी फ्लॅट आहे, डी आणि एफ व्हायोलाच्या पट्ट्यात बरेच वर आहेत. तुम्ही सोयीसाठी तिन्ही एका हातात गोळा केलेत. डी आणि एफ उजव्या हाताच्या अंगठ्याकडे द्या, किंवा बी फ्लॅट आधी टाकून पेडलवर वरचे दोन नंतर घ्या.

२१व्या बारमध्ये डाव्या हाताला एफपासून वरच्या ए पर्यंत दहाव्याचा ताण, आणि लगेच खाली उडी. सॉफ्टवेअर ते बिनतक्रार वाजवतं, कारण त्याला हात नसतात. पियानोवर एका ऑक्टेव्हचं अंतर साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास, दहाव्याचं २१ च्या पुढे. अनेक चांगल्या वादकांचा हात तिथवर पोचत नाही. या वेगात तर पोचणाऱ्यांचाही सूर निसटेल. प्लेबॅक ऐकून समाधान मानण्याआधी दर चार बार प्रत्यक्ष पट्ट्यांवर, निम्म्या लयीत का होईना, वाजवून बघायची शिस्त लावून घ्या.

उजवा हात ९ ते २४ मध्ये प्रत्येक सुरावर चार-चार सुरांचे कॉर्ड घेऊन पळतोय. त्यामुळे चाल करंगळीवर आली आहे, आणि करंगळी बिचारी खालच्या तीन बोटांशी भांडतेय. ऐकणाऱ्याला चालीऐवजी ठोकळे ऐकू येतात. 'कॉम्प्युटर वाजवतोय' ही तक्रार मुख्यतः इथूनच येते, असा माझा अंदाज आहे: सगळे सूर सारख्याच जोराचे, सगळे उभ्या रेषेत. मूळ धुनेत ट्रम्पेटची ओळ पुढे आणि बाकीची ब्रास मागे होती. म्हणून पूर्ण कॉर्ड फक्त चाल जिथं टेकते तिथं ठेवा: बारचा पहिला बीट, आणि दुसऱ्या बीटच्या उत्तरार्धातला तो तिरपा जोर, जो या धुनेची ओळख आहे. मधले धावते सूर एकेरी, फार तर खाली सहावा. इतकं काढल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. दोन दिवस तसंच राहू द्या आणि मग ऐका.

आता २५ ते ४०. सगळ्यात जास्त काम इथं आहे, आणि सगळ्यात जास्त शक्यताही. एफ मेजरमध्ये तंतुवाद्यांची लांब चाल. तुम्ही ती मूळच्या उंचीवरच ठेवलीत: पहिला सूर मिडल सीच्या जवळजवळ अडीच ऑक्टेव्ह वरचा एफ, दोन बार धरलेला, म्हणजे या लयीत जवळजवळ तीन सेकंद. व्हायोलिनचा नमुना तीन सेकंद सहज धरतो, वाटलं तर फुगतोही. पियानोचा तो सूर वाजताक्षणी विरायला लागतो. बहुतेक पियानोंत सगळ्यात वरच्या दीडेक ऑक्टेव्हच्या तारांना डँपरच (आवाज थांबवणाऱ्या गाद्या) बसवलेले नसतात. ते सूर इतक्या लवकर विझतात की दाबायची गरज पडत नाही. तुमचा एफ त्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर आहे. कागदावर तो दोन बार आहे, कानाला जेमतेम अर्धा बार, आणि उरलेला वेळ खालच्या कॉर्डखेरीज काही नाही.

ती चाल दोन ऑक्टेव्ह खाली आणा, मिडल सीच्या लगेच वरच्या पट्ट्यात. पियानो तिथं गातो आणि सूर टिकतो. मग प्रश्न येतो की चाल मधे आली तर वर आणि खाली काय. याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात पियानोवादक सिगिस्मंड थालबर्गने (१८१२–१८७१) प्रसिद्ध करून ठेवलंय: चाल दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आलटून पालटून मधे धरायची, डाव्या हाताने खाली बेस, उजव्याने वर फिरते अर्पेजिओ (एकामागोमाग वाजणारे कॉर्डचे सूर), आणि पेडल सगळं जोडून ठेवतं. ऐकणाऱ्याला तीन हात असल्याचा भास होतो. तुमच्या धुनेला हे चपखल बसतं, कारण मूळ धुनेतही तंतुवाद्यांवर हार्पचा एक चॅनेल फिरतोच आहे; तो तुम्ही गाळलात आणि धरलेले कॉर्ड ठेवलेत. उलट करा. विरून जाणाऱ्या वाद्यावर फिरता चॅनेल धरलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. पेडल मात्र कॉर्डागणिक बदला. सध्या २५ ते ४० मध्ये पेडलची एकही खूण नाही.

गंमत म्हणजे याची गुरुकिल्ली तुमच्याच हातात होती. ३३ ते ३६ मध्ये तुम्ही चाल डाव्या हाताच्या अंगठ्याला दिली आणि उजवीकडे फक्त दोन-दोन सुरांचे विरळ कॉर्ड ठेवले. अख्ख्या मसुद्यातले हे चार बार मला मनापासून आवडले. तिथं पहिल्यांदा ही पियानोसाठी लिहिलेली गोष्ट वाटते. ३७ ला परत वर का पळालात?

३९–४० मध्ये ए मेजरचा कॉर्ड दोन बार धरलाय आणि त्याखाली क्रेसेंडोची (आवाज वाढवत नेण्याची) खूण. वाजवलेला कॉर्ड पियानोवर वाढवता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सॉफ्टवेअरने तो वाढवून दाखवला म्हणून खूण राहून गेली असावी. तिथं काहीतरी हलायला हवं. ए आणि वरच्या सी शार्प-ई मध्ये ट्रेमोलो (झपाट्याने आलटून पालटून वाजवणं) घ्या, किंवा तोच कॉर्ड एट्थ नोट्समध्ये पुन्हा पुन्हा, दर दोन बीटला एक सूर वर चढवत. मी दुसरा पर्याय घेईन. ट्रेमोलो या शैलीत सगळेच वापरतात, आणि तुम्हाला पुढे बेस एट्थ नोट्समध्येच परत आणायचाय.

तालवाद्यांबद्दल थोडक्यात. स्नेअरच्या जागी तुम्ही सात ठिकाणी तळाचे चिकटलेले सूर ठोकलेत. ८व्या बारमधला ठेवा, तो चालीच्या तोंडावर आहे आणि दचकवतो. बाकीचे सहा काढा. ड्रम नसतानाही ठेका कळतो तो जोर कुठे देता, कुठे तोडून वाजवता आणि कुठे गप्प बसता यावरून.

४१ ते ७२ हे ९ ते ४० ची हुबेहूब नक्कल आहे आणि शेवटी 'पुनरावृत्ती, हळूहळू बंद' असं लिहिलंय. गेममध्ये हे बरोबरच होतं. खेळणारा तीस सेकंदांत जिंकेल की दहा मिनिटं झुंजेल हे संगीतकाराला माहीत नसतं, म्हणून धून गोल फिरते आणि शेवट ए वर टांगून ठेवते, की कान परत डी कडे ओढला जावा. पियानोसमोर बसलेल्या माणसाला मात्र कुठेतरी पोचायचं असतं. दुसऱ्या फेरीत पोत बदला: ४१ ला आवाज एकदम खाली आणा, चाल डाव्या हातात, बेसची आकृती उजव्या हातात दोन ऑक्टेव्ह वर, तोडून. ४९ पासून हात मूळ जागी. तो क्रेसेंडो सोडला तर संपूर्ण मसुद्यात आवाजाच्या दोनच खुणा आहेत, पहिल्या बारला फोर्टे (जोरात) आणि नवव्याला फोर्टिसिमो (फार जोरात). फोर्टिसिमो एकदाच येऊ द्या, ६५च्या आसपास, आणि चालीचे ऑक्टेव्हही तोवर राखून ठेवा.

शेवटासाठी: ७१–७२ चा ए चढत जाऊ द्या, मग एक बीट पूर्ण शांत, आणि सुरुवातीचा बेस दोन्ही हातांत एकसुरात, दोन ऑक्टेव्हच्या अंतराने, दोन बार. शेवटचा डी आखूड, लय अजिबात न मंदावता. डी मेजरवर सुखान्त करायचा मोह होईल. तो या धुनेच्या स्वभावाला धरून नाही. आणि कृपा करून ग्लिसांडो नको. गेमच्या प्रत्येक धुनेचा शेवट पट्ट्या पुसून करायची जी पद्धत पडली आहे, तिचा मला आता कंटाळा आलाय.

नोटेशनमधल्या किरकोळ गोष्टी: मिडी (सुरांच्या डेटाची फाइल) आयात केल्यामुळे ए मेजरमध्ये सी शार्पच्या जागी सगळीकडे डी फ्लॅट पडलाय, तो बदला, वाचणारा दर वेळी अडखळेल. सिक्स्टीन्थ विरामांची खडीही आयातीतूनच आली आहे. तोडून वाजवायचं असेल तर सूर पूर्ण लिहून वर टिंब द्या. २५ पासून चाल आणि अर्पेजिओ वेगळ्या आवाजांत (नोटेशनमधल्या स्वतंत्र ओळींत), दांड्या उलट दिशेला, म्हणजे अंगठ्यांची ओळ डोळ्याला दिसेल. मूळ संगीतकाराचं नाव वर ठळक, तुमचं 'अरेंजमेंट' म्हणून खाली. आणि नोटेशन विकायचा विचार असेल तर आधी हक्कधारकाची परवानगी लागेल.

एक अभ्यास सुचवतो. पियानोवादक-संगीतकार लिस्टने बेथोव्हेनच्या नऊही सिम्फनी एकट्या पियानोसाठी उतरवल्या, त्यांचा पूर्ण संच १८६५ मध्ये छापून आला. त्यात त्याने जागोजागी कोणती ओळ मूळ कोणत्या वाद्याची ते नाव घालून लिहिलंय. कुठलीही दोन पानं घ्या, शेजारी ऑर्केस्ट्राचा स्कोअर ठेवा आणि त्याने काय गाळलं त्यावर पेन्सिलने खूण करत जा. मग तसंच तुमच्या मसुद्यावर करा: प्रत्येक ओळीवर मूळ वाद्याचं नाव आणि ते तिथं काय करत होतं ते एका शब्दात. जिथं तो शब्द सुचणार नाही, ती ओळ बहुधा काढता येईल. सुरुवात २५ ते ४० पासून करा. तो भाग बसला की ९ ते २४ किती हलका हवा ते त्याच्याशी ताडून ठरवता येईल.